गिऱ्हाईक आलं की घरधन्याने कुठे जावं

मेहुणेबुवांना नमस्कार.

आधी तुमच्या खोकल्याचं काय झालं ते कळवा. मागच्या पत्रात तुम्ही त्याबद्दल एकच ओळ लिहून पुढे गेलात. एका ओळीत उरकलेला खोकला मला नेहमी मोठा वाटतो. छातीचा फोटो काढला असेल तर डॉक्टर काय म्हणाले ते लिहा, काढला नसेल तर का काढला नाही ते लिहा. इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे तुमची ताई खुशाल आहे, आणि मी तिची वाट बघत बसलो आहे.

तुम्ही घर विकायला काढताय आणि आम्ही नुकतेच त्यातून पार पडलो, म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी विचारल्यात. मी सातवी शिकलेला माणूस. उभा जन्म छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर गेला. तिथे एक सूत चुकलं की अख्खी थप्पी रद्दीत जाते, त्यामुळे काळजी करणं हा माझा पगारी धंदाच होता, आणि निवृत्त झाल्यावर तो मी घरी फुकट चालू ठेवला (असं तुमची ताई म्हणते). पण विचारलंत म्हणून सांगतो.

आम्हाला घर का विकावं लागलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि ताईचे गुडघे. वर्ष उलटून गेलं तरी तिचा पाय रस्त्याला लागला नव्हता. भाजी दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर यायची, डॉक्टर जिन्याने वर यायचे (आणि जिन्याचे पैसे वेगळे लावायचे असा माझा संशय आहे). मागच्या गल्लीत एका शिंपीणबाईंचं तळमजल्यावरचं घर विकायला निघालं. त्या म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबते, मग पुतण्याला देऊन टाकीन. मी ते घर टेपने मोजून आलो. ताईने मोजमापं ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली. तिने दोनच प्रश्न विचारले. दाराला पायऱ्या किती? मी म्हटलं, एक, तीही बुटकी. आणि खिडकीतून माणसांचे चेहरे दिसतात की नुसती डोकी? मी म्हटलं, चेहरे दिसतात, काही तर आत डोकावतात. ती म्हणाली, मग हेच घर. वर्षभर मी टकलं बघतेय, आता मला चेहरे बघायचेत. घर घेणारा माणूस असं काही विचारतो हे मला माहीतच नव्हतं. मी भिंतीची जाडी विचारून आलो होतो.

तेव्हा आता महिनाअखेरच्या आत आमचं घर विकलं जायला हवं होतं, नाहीतर ताई कायमची वर. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पहिली गोष्ट, घर दाखवायच्या आधी बारीकसारीक दुरुस्त्या करून घ्या. आमच्या मोरीतला नळ उलटा फिरवला की सुरू व्हायचा. प्लंबरने तो सरळ केला. त्यानंतर आठवडाभर मी बंद करायला जायचो आणि भिजून यायचो. नळ सुधारला, पण आम्ही तेच राहिलो. तरी दुरुस्ती कराच. दुसरी गोष्ट, घराचे कागद, वीजबिलं, पाणीपट्टी सगळं एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कुठे ठेवली ते दोघांनाही माहीत असू द्या. आमच्यात ते मला माहीत होतं, आणि मी घाबरलो की मला काहीच माहीत नसतं.

तिसरी गोष्ट लिहायला जड जातं, पण तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. गिऱ्हाईक घर बघत असताना घरधन्याने तोंड उघडू नये. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षक नवरा-बायको. बिचारे भले होते. त्यांनी विचारलं, घराला काही त्रास? आता विचारल्यावर सांगायचं नाही का? मी सांगितलं की शेजारच्यांचं कपडे धुवायचं मशीन सुरू झालं की आपल्या भिंतीवरचं घड्याळ चालायला लागतं, खिडकीची एक काच वाऱ्याने वाजते, आणि गच्चीवरची टाकी भरून वाहिली तर पहिला थेंब आपल्याकडे येतो. ते चहा न घेता गेले. दलाल मला जिन्यात घेऊन गेला आणि म्हणाला, काका, घर विकायचंय की चौकशी समिती नेमायचीय? मी म्हटलं, उद्या त्यांना कळलंच असतं. तो म्हणाला, उद्या कळलं असतं, तुम्ही आजच उरकलंत.

दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी मी ओठ घट्ट मिटून बसलो. तर ते बँकेतले गृहस्थ दलालाला बाजूला घेऊन विचारायला लागले, यजमानांना काही झटका वगैरे आलाय का, घरात हवा खेळती नाही का? तेही गेले. म्हणून तिसऱ्या वेळी दलालाने मला सक्तीने फिरायला पाठवलं. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. तिथे एक तरुण जोडपं आलं आणि मलाच विचारू लागलं, काका, तुम्ही इथलेच का, तिसऱ्या मजल्यावरचं घर कसं आहे हो? मी मालक आहे असं कुणी मला सांगायला सांगितलं नव्हतं. मी एक रहिवासी म्हणून जे आहे ते सांगितलं. ती दोघं फाटकातूनच परत फिरली. वर दलाल वाट बघत बसला होता, आणि त्याच्याबरोबर ताई.

ताईने फाटकावरची हकीकत ऐकून घेतली. संध्याकाळी तिने दलालाला निरोप धाडला, यापुढे गिऱ्हाईक मी बघीन. तुम्हाला माहीत आहे तुमची ताई. परका माणूस आला की स्वयंपाकघरात जाणारी. लग्नात माझ्या मामांनी तिला दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं तिने मामांना नंतर केव्हातरी दिली. ती गिऱ्हाईक बघणार म्हटल्यावर मी आशाच सोडली.

चौथा आला तो लाकडाच्या वखारीचा मालक. मोठा माणूस, मोठा आवाज. भिंतीवर टकटक करत, दारं आपटून बघत सगळं घर फिरला. ताई तिच्या खुर्चीत बसून घराकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. (मी मोरीत होतो. दाराला फट आहे. हेही मी कुणाला सांगितलं नव्हतं.) तो म्हणाला, घर पसंत आहे, बोलणी करू. आणि तुमची ताई म्हणाली, तुम्ही हे घर घेऊ नका.

दलालाच्या हातातला कप बशीवर वाजला तो मला मोरीत ऐकू आला.

ताई शांतपणे त्याला म्हणाली, तुम्ही येऊन एवढा वेळ झाला, सगळं घर फिरलात, अजून धाप जात नाही. जिना फार आहे. थोड्या वर्षांनी तुम्ही या खुर्चीत माझ्यासारखे बसाल. आधी छाती दाखवून घ्या. एवढ्या आवाजाचा माणूस गप्प झाला की खोली एकदम मोठी वाटते. त्याने पाणी मागितलं, सावकाश प्यायला आणि नमस्कार करून गेला. मी मोरीतून बाहेर आलो तेव्हा दलाल म्हणाला, काका, मला वाटत होतं घरात असे तुम्ही एकटेच आहात.

दुसऱ्या दिवशी वखारवाला मुलाला आणि सुनेला घेऊन आला. (स्वतः खालीच गाडीत बसून राहिला.) मुलाने सांगितलं, बाबा म्हणतात, घर विकताना जी बाई गिऱ्हाइकाच्या छातीची काळजी करते तिच्या घराची भिंत ठोकून बघायची गरज नाही. आम्ही घेतो. आणि त्यांनी घेतलं. मेहुणेबुवा, मी खरं बोललो तर माणसं पळाली, तुमची ताई खरं बोलली तर माणूस घरच्यांना घेऊन परत आला. असं का, हे मी दलालाला विचारलं. तो म्हणाला, काका, ते मला कळलं असतं तर मी काकूंना नोकरीला ठेवलं नसतं का? मी तिलाही विचारलं, ही तुझी युक्ती होती का? ती म्हणाली, कसली युक्ती, तो माणूस खरंच धापा टाकत होता. मी रात्रभर तिच्याकडे बघत होतो. इतकी वर्षं या बाईच्या हातचा चहा पितोय आणि ही कोण आहे याची मी कधी चौकशीच केली नव्हती.

सामान बांधण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात सगळं माझंच आहे. मी प्रत्येक खोक्यावर ‘नाजूक’ असं लिहिलं. रंगाची डबी संपली तेव्हा काचेच्या भांड्यांची खोकी राहिली होती. मजुरांनी लोखंडी बत्ते आणि जुने खिळे देव्हाऱ्यातल्या देवांसारखे अलगद नेले आणि काचेवर गाद्यांचा ढीग आणि गाद्यांवर शिलाईमशीन ठेवलं. तेव्हा जे नाजूक असेल तेवढ्यावरच ‘नाजूक’ लिहा. तसंच चहाचं सामान शेवटी बांधा. मी ते सगळ्यात महत्त्वाचं म्हणून सगळ्यात आधी बांधलं, आणि ते ट्रकच्या तळाशी गेलं. कपाट दारातून जातं का ते आधी मोजा. मी मोजलं होतं, पण कपाट मोजलं आणि दार आठवणीवर सोडलं.

आता मुख्य गोष्ट. घर रिकामं झालं, आणि शेवटी ताई राहिली. मुकादम म्हणाला, काकूंना खुर्चीसकट घेतो. दोन पट्टे खुर्चीखालून घातले, चौघांनी उचललं. मी पुढे उलटा चालत, बघा, पायरी, बघा, कठडा, असं सांगत होतो. मुकादम म्हणाला, काका, तुम्ही खाली जाऊन उभे राहा, आम्ही पडलो तर झेला. मी खाली गेलो नाही, उलटा चालतच राहिलो.

दुसऱ्या मजल्यावर ताई म्हणाली, थांबा. तिथल्या बाई आणि ती वर्षभर रोज खिडकीतून बोलायच्या, वर-खाली, पण त्यांनाही जिना चढवत नसल्याने एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं. त्या दारात आल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या म्हणाल्या, अगं, किती वाळलीस. ताई म्हणाली, तू केस रंगवायचे सोडलेस ते बरं केलंस, आवाजावरून मला अजून काळेच वाटत होते. चौघे मजूर खुर्ची हातात धरून उभे. कुणी खाली ठेवू का असं विचारलं नाही. पहिल्या मजल्यावरचे पेन्शनर, ज्यांच्या खिडकीवर आमच्या कपड्यांचं पाणी गळायचं आणि जे आमच्याशी बोलत नव्हते, ते तांब्या-पेला घेऊन उभे होते. मजुरांना पाणी पाजलं. ताईला म्हणाले, वहिनी, आता कुणाशी भांडू?

खाली भाजीवाला होता. ताईने वरून त्याच्याशी वर्षभर घासाघीस केली होती, टोपली हलवून हलवून. ती बोलली तसा त्याने आवाज ओळखला आणि गाडी सोडून आला. तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, काकू, तुम्ही होय? मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल.

ताई हसली. मग खुर्चीतून एक पाय काढून रस्त्यावर ठेवला आणि तसाच ठेवून बसली. ट्रकवाला भोंगा वाजवायला निघाला होता, मुकादमाने त्याचा हात धरला. मी छापखान्यात मोठी मोठी मशीनं उतरताना बघितली आहेत, पण असं काही उतरताना मी बघितलं नाही.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. खोकल्याचं विसरू नका.

आपला,
दाजी

ता. क. : नव्या घरात ताई आधी दारात बसली, मग काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत, मग बागेपर्यंत. आता ती दिवसभर बाहेर असते. लोक घर विकायचं असलं की तिला विचारायला येतात, आणि दलाल तिच्यासाठी रिक्षा पाठवतो. मी घरात असतो. खिडकीतून चेहरे दिसतात हे खरं आहे, पण तिचा चेहरा त्यात संध्याकाळी येतो.

ता. क. दुसरा : ती महिनाभर तुमच्याकडे येणार आहे, तुमचं घर विकायला. तिने एकच तिकीट काढलं आहे. तरी तुम्ही तिला आपण होऊन असं लिहावं की दाजींनाही आणा. तुमच्या जिन्याखालच्या भिंतीला ओल येते आणि मागचं दार पावसाळ्यात फुगतं हे मला माहीत आहे. मी तिथे असलो तर त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. इथे असलो तर पत्राने विचारणाऱ्याला काय सांगेन, सांगता येत नाही.

ता. क. तिसरा : ती आत्ता आली. कुणाला लिहिताय म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या भावाला घर विकायचे सल्ले देतोय. ती म्हणाली, मग सगळ्यात वर लिहा की गिऱ्हाईक यायच्या दिवसांत दाजींना बोलवू नका. मी लिहिणार नव्हतो. पण तिने सांगितलं आणि मी लिहिलं नाही, तर ते खोटं झालं असतं. तिचे सल्ले बरोबर असतात. तेवढा हा एक पाळू नका.