हंसाच्या चोचीत चार तारे

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या (आणि तुझ्याच मते बिनडोक) भावाचा नमस्कार. तुझा उजवा डोळा आता कसा आहे? पाणी येतं का? उजेडात टोचतं का? भाऊजींचा खोकला, सूनबाईची नोकरी वगैरे सगळं ठीकच असणार, तेव्हा डोळ्याबद्दलच जरा सविस्तर लिही. इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे बायको मजेत आहे, कारण सध्या तिला हसायला घरातच माणूस मिळालाय.

झालं असं, की भूगोलाचे निवृत्त मास्तर (तेच, चष्मा डोक्यावर ठेवून माझ्या दुकानात चष्मा शोधायला येणारे) एक छोटी दुर्बीण घेऊन आले. पुढचं भिंग ढिलं झालं होतं. दुर्बीण हा काही माझा धंदा नव्हे. पण चष्म्याच्या दुकानात येऊन कुणी भिंगाचं काम सांगितलं आणि मी जमणार नाही म्हटलं, असं आजवर झालेलं नाही. (जमलं नाही, असं मात्र पुष्कळदा झालंय.) भिंग पुसलं, कडी घट्ट केली. मास्तर म्हणाले, नीट बसलंय का ते बघायचं तर हंस तारकासमूहात चोचीच्या जागी एक तारा आहे, तो बघू. नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो, दुर्बिणीतून त्याचे दोन होतात, एक पिवळा, एक निळसर. दोन वेगळे दिसले की काम चोख.

अंधार पडल्यावर दुकान बंद करून आम्ही आमच्या गच्चीवर गेलो. मास्तर बोटाने तारा दाखवायला लागले, तर मला दुर्बिणीशिवायच दोन दिसले! ताई, काय सांगू, छाती फुगली. इतकी वर्षं लोकांचे डोळे तपासतोय, पण आपल्या डोळ्यांची कदर कुणी केली नाही. मग दुर्बिणीला डोळा लावला, तर चार. मी लगेच जाहीर करून टाकलं, की माझ्या दुरुस्तीने दुर्बिणीची ताकद दुप्पट झाली आहे. मास्तरांनी बघितलं, त्यांना दोनच. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत मायेने सांगितलं, की मास्तर, वय झालं, नंबर वाढलाय, उद्या दुकानात या, ओळखीत करून देतो. तेवढ्यात दोरीवरचे कपडे काढता काढता बायकोने विचारलं, समोरच्या गल्लीत दिवे किती? मी झटकन मोजून सांगितले. ती म्हणाली, त्याच्या निम्मे आहेत. (आणि मी गेले कित्येक दिवस नवे दिवे लावले म्हणून नगरपालिकेचं तोंडभरून कौतुक करत होतो.)

मी अर्थातच भडकलो. अगं, रोज सकाळी दुकान उघडलं की खुर्चीत बसून समोरच्या अक्षरांच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ वाचतो मी, एक अक्षर चुकत नाही! दुसऱ्या दिवशी तिला समोर उभं करून वाचून दाखवली. धडाधडा, कुठेही न अडखळता. ती म्हणाली, "छान. आता तक्ता बघून म्हणा." बाईसाहेबांनी मी यायच्या आत जुना तक्ता काढून नवा टांगला होता. अख्खा तक्ता बदलला तरी मला पत्ता नाही. मी आपला जुनाच तोंडपाठ म्हणतोय! त्याच वेळी मास्तर आले होते, माझ्या सांगण्यावरून नवा चष्मा करायला. हसता हसता त्यांच्या डोक्यावरचा जुना खाली पडला. तो आता फुकटात दुरुस्त करतोय.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, उजव्याचा आधी काढू, काही नाही हो, डास चावल्यासारखं वाटेल. ताई, हे वाक्य माझं आहे! तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तू फोनवर रडत होतीस तेव्हा मी तुला हेच ऐकवलं होतं. ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर ते किती भिकार वाटतं, ते आत्ता कळलं. विचार करून सांगतो म्हणालो आणि जो बाहेर पडलो, तो छत्री तिथेच विसरलो.

बाकी मला भीती वगैरे अजिबात वाटत नाही. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सहज विचारतो. तुझ्या वेळी सुई डोळ्यात टोचली, की डोळ्याजवळ? आणि ती येताना दिसते का?

आणखी एक ता. क. ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. दिवस मी नाही, बायकोने ठरवला (छत्री आणायला गेली होती). तू ये. बायको आहेच गं, पण तिच्यासमोर मला शूर राहावं लागतं. तुझ्यासमोर लहानपणापासून रडत आलोय, नव्याने काही करावं लागणार नाही.

शेवटचा ता. क. मास्तरांनी पट्टी निघेपर्यंत दुर्बीण माझ्याकडेच ठेवली आहे. म्हणाले, आधी डावा मिटून नुसत्या उजव्या डोळ्याने बघा. ताई, दुर्बिणीतून त्याचे दोन दिसोत नाहीतर दहा. नुसत्या डोळ्याला तो तारा एकच दिसला पाहिजे गं. त्या वेळी शेजारी उभी राहा.