बाबांचा पोपट

सेक्टर ६, भिलाई

बाबा,

तुमचा पोरगा हेमराज म्हातारा होऊन गेला. तुमी मयतीले आले, खांदा दिला, अन् लोकांले सांगितलं, मी यांचा पुतण्या आहो. पंचविशीतले दिसता, कोणाले शक येणार?

मांत्रिकाकडून आपला जीव पोपटात ठेवून घेतला, तवा आमाले विचारलं नाही. आई म्हातारी झाली, मंग आमी झालो. आमच्यासंग दिसायची लाज वाटली म्हणून तुमी घर सोडलं. पिंजरा मात्र आमच्याच भरोशावर ठेवला.

आता निरोप धाडून राहिले, जगून कंटाळलो, त्या पोपटाची मान मुरगाळ. कावून मुरगाळू? माझी नात गुंजन त्याले रोज भिजवलेली डाळ अन् हिरवी मिरची देते. तिच्यामागं तिची पोरं देतील. तो अजूनही लहानपणच्या हेमराजच्या आवाजात विचारते, "बाबा आले का?"

पिंजरा आता इथं नाही, रुआबांध्याले गुंजनच्या घरी आहे. म्हणूनच हे पत्र टाकत नाही. शोधत बसा. तुमच्यापाशी टाइमच टाइम आहे.

तुमची पोरगी,
लोकांसाठी तुमची आत्या,
कौशल्या