नळीपाशी लावलेली हळद

हिंगोली, दवाखाना. बुधवार संध्याकाळ, २००४

आमच्या यांच्या हृदयाच्या झडपेवर बुरशी चढलीय, डॉक्टर म्हणाले. रक्ताच्या कॅन्सरच्या औषधांनी अंगातली ताकद आधीच गेलेली, त्यात ही.

"छातीत औषधाची नळी बसवलीय, तिथं घरी काही लावलं होतं का, बाई?"

मी म्हणाले, "न्हाई."

काहून खोटं बोलले मी? घरी, कुरुंदा गावात, यांना नळीपाशी खाज सुटायची, म्हणून रोज आमच्याच शेतातली हळद लावत होते. जखमेला आमी दुसरं काय लावतो? तिच्यानंच झालं का हे?

डॉक्टरांची नजर माझ्या पिवळ्या बोटांवर गेली, तेव्हा यांनी माझा हात हळूच चादरीखाली ओढून घेतला. म्हणजे हळदीनंच झालं असंल, हे यांनी कधीच ओळखलंय. यांचा हात तापानं पोळत होता. तरी माझी पिवळी बोटं सोडली न्हाईत.