भरदिवसाचा शुक्र

प्रिय धाकट्या,

सोबतचा फोटो आधी बघ, मग काय रागवायचं ते रागव. निळ्यात मधोमध नखाच्या कोरीएवढं पांढरं दिसतंय तो ढग नाही, काचेवरचा डागही नाही. तो शुक्र आहे. आज सकाळी उन्हं चांगली तापल्यावर परसातून काढलाय.

बाबांना भरदिवसा तारे दिसायला लागलेत, असं तू फोनवर म्हणालास तेव्हा मीही हसले होते. पण तेच तू डॉक्टरांना सांगितलंस, आणि आता शनिवारी गाडी घेऊन बाबांना त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत कायमचं ठेवायला न्यायला येणार. म्हटलं, दिवसाही शुक्र असतो हे दाखवलं तर थांबशील. म्हणून बाबांची दुर्बीण माळ्यावरून काढली. दिवसा त्याला शोधणं महाकठीण, निळ्यात नजर ठरतच नाही. शेवटी पहाटे अंधारातच त्याला गाठला आणि सुटू दिला नाही. तो सारखा सरकतो, आपण दुर्बिणीची चकती फिरवत मागे लागायचं. उजाडलं, दूधवाला बेल वाजवून कंटाळून गेला, तरी जागची हलले नाही. चुकून सूर्य भिंगात आला तर डोळाच जायचा, म्हणून भिंतीची सावली धरून उभी होते. हात भरून आले, रडू आलं. फोटो निघाला तेव्हा वाटलं, जिंकले.

बाबांना हाताला धरून बाहेर आणलं. दुर्बिणीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. शुक्राकडे पाठ करून शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर बोट दाखवलं आणि म्हणाले, "तो बघ. तुला दिसतो ना?" तिथे काहीही नव्हतं रे.

म्हणजे तुझंच खरं. कधीकधी ते मला बाई म्हणतात, तुमचं घर कुठे म्हणून विचारतात, तेही मी तुझ्यापासून लपवलं. तरी त्यांना नेऊ नकोस. तिथे ते चार दिवसांत खचतील, आणि त्यांच्यावाचून या घरात मी काय करू? तुझ्यापुढे कधी हात पसरला नाही, आज पसरते. हा फोटो डॉक्टरांना दाखव आणि सांग, बाबांना दिसतो तो हाच. खोटं आहे, मला कळतं. टाकीवर काही नसताना मीही बाबांना "हो, दिसतो" म्हणाले. तूही एकदा म्हण.

तुझीच,
ताई