शिव्या देणाऱ्यालेच पाहिजे वकिलाचा नंबर

बाबू,

टॅक्स वाचवाले खोटे बिलं लावून तू सापडला अन् जाम गावाले सासरी जाऊन बसला. इकडं नालवाडीत सारे तुले चोर म्हणून राह्यले. शिव्या देण्यात दुकानदार मनोहरराव सगळ्यात पुढं. काल तेच माह्या भाजीच्या गाडीपाशी येऊन हळूच म्हणाले, "ताई, बाबूले खोट्या बिलाची युक्ती सांगणाऱ्या वकिलाचा नंबर भेटन काय?"

मी इतकी हासली का हातातले वांगे सांडले. "देतो नं," म्हटलं, "पण त्यानंच माह्या भावाले बुडवलं." बिचारे लाजून पळाले.

अशा लोकाइले काऊन भेऊन राह्यला? टॅक्स भर, अन् घरी ये.

तुही शांताताई

ता.क. पत्र टाकाले निघाली, तं फाटकात तूच उभा! "ताई, सारा टॅक्स भरून आलो," म्हणाला. हे पत्र आता तुह्या हातातच देतो. चाल माह्यासंगं, बाजारात, सगळ्याइच्या समोरून.