परत आलेली कामं

प्रिय चिमे,

तू पाठवलेल्या सजावटवाल्या बाईंनी सांगितलं होतं, तशी हॉलची भिंत करून झाली. आता जरा बस आणि शेवटपर्यंत वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. एका दमात दहा मुद्दे मांडतेस, मी ‘बरं’ म्हणून मोकळी होते आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तर बाई आल्या, मोजपट्टी घेऊन घरभर फिरल्या आणि म्हणाल्या, घर विकायचं तर बघायला येणाऱ्याला ते त्याचं वाटलं पाहिजे, तेव्हा तुमच्या खुणा जरा कमी करू या. एकतीस वर्षं राहतेय मी इथे आणि खुणा कमी करू या म्हणे! माझं तोंड बघून त्या थोड्या वरमल्या आणि सोफ्यामागची भिंत त्यांनी मला देऊन टाकली. तिथे तुमच्या आवडीच्या चार वस्तू लावा, त्याला फीचर वॉल म्हणतात, घर जिवंत वाटतं. चारच हं, असंही बजावलं. मी छत्तीस लावल्या.

माळ्यावरची पत्र्याची पेटी आठवते ना, जिचं झाकण उघडलं की तू किंचाळत पळायचीस? तीच खाली काढली. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, मी नोकरीभर एकेक जबडा घेऊन येत राहिले. अठ्ठावीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या केल्या. डॉक्टरांकडून माप यायचं, त्यात प्लास्टर ओतून साचा करायचा, मेणात एकेक दात बसवायचा. जमलेली कवळी कुणाच्या तरी तोंडात जायची ती जायचीच, पुन्हा दिसायची नाही. माझ्याकडे उरली ती परत आलेली कामं. बोचणारी, सैल, बोलताना शिट्टी वाजवणारी. मालक म्हणायचे, फेकून दे. मी गुपचूप पिशवीत टाकायचे.

त्यातली एक अगदी मधोमध लावली आहे. दात बघशील तर मोत्यासारखे, एका रेषेत. त्या आजीबाई ती कवळी घालून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी रडत डॉक्टरांकडे आल्या. त्यांचा पुढचा एक दात आयुष्यभर वाकडा होता. आरशात कुणी भलतीच बाई हसतेय, म्हणाल्या. मी दुसरी कवळी केली आणि त्यात तो दात मुद्दाम तिरका बसवला. मालकांनी माझी चांगली खरडपट्टी काढली, पण ती कवळी परत आली नाही.

भोकं शेजारच्या वायरमनने पाडून दिली. टांगायचं काम मात्र मीच केलं, स्टुलावर चढून. हो, त्याच कंबरेने, जिच्यात डॉक्टरांनी सळई घातली आहे. ओरड आता काय ओरडायचं ते. खालच्या ओळीत तुझाही प्लास्टरचा जबडा आहे, अकराव्या वर्षीचा, तार लावायच्या आधीचा. तो पुढे डोकावणारा दात मला फार आवडायचा. तुला कधी सांगितलं नाही, कारण तुझा तेव्हा त्याच्यावर दात होता आणि मैत्रिणी चिडवायच्या.

त्याच्या शेजारी तुझे बाबा. बाईंना तिथे त्यांचा फोटो हवा होता. कुठला लावू? सगळ्या फोटोंत ओठ घट्ट मिटलेले. कारखान्यात पुढचे चार दात गेले तेव्हापासून माणूस तोंडावर हात धरूनच हसायचा. त्या चार दातांची पट्टी मीच केली होती, आमची ओळख नव्हती तेव्हा. पहिल्यांदा परत आली, बोचते म्हणून. दुसऱ्यांदा आली, सैल आहे म्हणून. तिसऱ्यांदा डॉक्टरांना वगळून हे स्वतःच लॅबचा पत्ता शोधत भांडायला आले. मी पट्टी उलटीपालटी करून तासभर बघितली. तिच्यात काहीही दोष नव्हता. मी वर पाहिलं तर हे तोंडावर हात धरून हसत होते. मग हात खाली घेतला. तो हसरा चेहरा फोटोत कधीच आला नाही गं. साचा तेवढा राहिला. सोफ्यावर बसले की त्यांचं तोंड जितक्या उंचीवर असायचं, तितक्याच उंचीवर लावलाय.

आज सकाळी ते घर बघणारं जोडपं आलं होतं. एजंटचा फोन तुला आलाच असेल, म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणाला असेल. डोकं जागेवर आहे. त्या गृहस्थांनी विचारलं, ही भिंत रिकामी करून द्याल ना? मी म्हटलं, भिंतही देणार नाही आणि घरही देणार नाही. बाथरूममध्ये पडले तेव्हा दवाखान्यात माझ्या खाटेशी बसून तू म्हणालीस, घर विकू या, माझ्याकडे ये, आणि मी ‘बरं’ म्हटलं. भूल उतरत होती, तुझे डोळे रडून सुजले होते, दुसरं काय म्हणणार? तुझी ती मागची खोली छान आहे, उजेड आहे, कठडेसुद्धा लावून घेतलेस. सगळं मायेनं केलंस, पण माझं माप न घेता केलंस. ते ‘बरं’ मी आज परत पाठवतेय. मला बसत नाही, बोचतं. काम परत आलं म्हणून मी कधी कुणावर रुसले नाही, तूही रुसू नकोस. पुन्हा माप घ्यायला ये. मी इथेच आहे.

तुझीच, स्टुलावरून सुखरूप उतरलेली,
आई