उंबऱ्यावरून निघायचं होतं

डाकोर,
१५ मार्च २०२५

ती. मंदाकिनीआत्यास कुशलचा नमस्कार.

मी बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर शेजारच्या निरुपमाबेनकडून वाचून घे, बाबांकडे देऊ नकोस.

बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी तू नवस बोललीस, ती मानता फेडून झाली. बरे झाले तर माझा कुशल डाकोरला चालत जाईल, म्हणालीस. बोलणं तुझं, पाय माझे. दोन दिवस चाललो. टाचेला फोड आलाय. वाटेत एका सेवा कॅम्पात बाबांच्या वयाचे गृहस्थ पाय चेपायला बसले. मी पाय ओढून घेतला तर रागावले.

आता मोरबीला परत कसं जावं ते कळत नाही. बस माझ्या कारखान्याच्या फाटकाशी सोडते, पण सहा-सात तास गुडघे दुमडून बसायचं. गाडीत पाय पसरता येतात, पण जागा मिळाली तर, आणि वांकानेरला उतरून पुन्हा दुसरं काहीतरी धरायचं. दुपारची बस डोळ्यांसमोरून गेली. मी उठलोच नाही.

वर डाकोर लिहिलंय ते खोटं आहे. दुसरा कागद नाही म्हणून राहू देतो. मी सकाळपासून बडोद्याच्या डेपोत बसलोय. दांडिया बाजारातलं आपलं घर इथून किती लांब आहे तुला माहीत आहे. सत्तर किलोमीटर चाललो आणि तेवढं चालवत नाही.

निघालोही इथूनच. तुला सांगितलं होतं की आणंदच्या मित्रांबरोबर निघतोय. तसं काही नव्हतं. इथला पायी जाणाऱ्यांचा एक संघ डाकोरला चालला होता, त्यात घुसलो. संघाचे विक्रमसिंहकाका मांडवीमागे राहतात. त्यांनी पहिल्याच मुक्कामाला विचारलं, घरून निघालास ना? त्यांच्यात आपल्या उंबऱ्यावरून निघतात, घरातली बाई कुंकू लावते, तिथून मानता सुरू. मी म्हटलं, हो, आत्याने लावलं. लावलं होतं मीच, स्टेशनजवळच्या दुकानातून पुडी घेऊन.

परतीच्या बसमध्ये त्यांना खरं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "तो तो तुं खाली फरवा गयो, भाई." म्हणजे मी नुसता फिरून आलो.

मला हसू येईना. मानता फिटलीच नसेल तर बाबांचं काय? बाबा म्हणतील, हृदयाला काय कळतं पाय कुठून निघाले. ते गणित शिकवायचे, त्यांना असली भीती वाटत नाही. मला वाटते.

आणखी एक. ऑपरेशनच्या दिवशी सुट्टी मिळाली नाही असं सांगितलं होतं. मिळाली होती. मी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत आलो होतो. तू बाकावर पाठमोरी बसली होतीस. पण मी दहावी नापास झालो तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, या घरात असा कुणी झाला नाही. तेच डोक्यात फिरत होतं. ते गेले तर तेच शेवटचं राहील, आणि वाचले तर पुन्हा तेच म्हणतील. दोन्हींतलं मला काय नको होतं ते तेव्हा कळलं नाही. आत्या, ते अजून मनातून जात नाही. आल्या पावली परत फिरलो.

विक्रमसिंहकाका संघाच्या सामानासाठी अजून इथेच थांबलेत, घरी जाताना हे पत्र तुला देतील. प्रसादही दिलाय, बाबांना दे.

मला पुन्हा चालायचंय, नीट, घरून. बाबांना विचार, मी उंबऱ्यापर्यंत आलो तर चालेल का. आत घेतलं नाही तरी चालेल, तू बाहेर येऊन कुंकू लाव.

साडेपाचला बस आहे, सातला गाडी. तिकीट कशाचंच काढलेलं नाही. काकांच्या मोबाईलवरून मला लाव. तुला ऐकू येत नाही, पण बोलता येतं. ये किंवा नको, एवढंच बोल. मी ऐकतोय.

तुझा भाचा,
आणि बाबा म्हणतील तर त्यांचा मुलगा,
कुशल